समोरची भिंत

लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असतं, हे पॅरिसला जाणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी सांगतंच. मलाही सांगितलं होतं. तरी मी मंगळवारीच गेले. काचेच्या पिरॅमिडभोवती माझ्यासारखीच आठ-दहा गाफील माणसं घुटमळत होती आणि एकमेकांकडे संशयाने बघत होती. "मावशी, काल रात्री जेवताना मी तुला विचारलं होतं, उद्या वार कोणता म्हणून," भाची म्हणाली. ती इथे दोन वर्षं शिकतेय, त्यामुळे गावाचे सगळे वार तिला पाठ.

"मग आता काय करायचं?"

"आता त्या भिंतीकडे जाता येत नाही, तर ज्याने ती आणली त्याच्याकडे जाऊ. तो मंगळवारीही असतो."

मेट्रोने आम्ही पेर लाशेजच्या दफनभूमीत गेलो. चढाची दगडी वाट, दोन्ही बाजूंना लहानमोठ्या घरांसारखी थडगी. शोधत शोधत पोचलो तर एक साधा, टोकदार ओबेलिस्क आणि त्यावर नाव: शांपोलियाँ. आयुष्यभर ज्याने दुसऱ्यांच्या दगडांवरची अक्षरं वाचली, त्याच्या स्वतःच्या दगडावर वाचायला फारसं काही नाही. १८२२च्या सप्टेंबरात त्याने चित्रलिपीचं कोडं सुटल्याचं पत्र विद्वानांच्या सभेपुढे ठेवलं आणि १८३२च्या मार्चमध्ये, एक्केचाळीसाव्या वर्षी, तो गेला. दोन्हींच्या मध्ये साडेनऊ वर्षं. त्यातलं जेमतेम सव्वा वर्ष त्याला इजिप्तमध्ये काढता आलं. आणि तेवढ्यात त्याने एका राजाच्या थडग्याची भिंत कापून आणली.

त्या भिंतीसाठीच मी आले होते. म्हणजे तसं भाचीकडे आले होते. पण तिला माहीत होतं.

गोष्ट सुरू होते पाच वर्षांपूर्वी, लक्सरला. मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. सातवीच्या वर्गात इजिप्तचा धडा असे. चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. पोरं खो खो हसायची, बाकांवरून उठून तशी चालून दाखवायची. निवृत्तीनंतर एका यात्रा कंपनीबरोबर इजिप्तला गेले, तर राजांच्या दरीत कंपनीने ठरवलेली तीन थडगी वीस-वीस मिनिटांत उरकली. पहिल्या सेतीचं थडगं त्यात नव्हतं. त्याला वेगळं तिकीट, आणि ते चांगलंच महाग. बाकीचे बसजवळ थंड पेयं पीत बसले. मी एकटी उतरले.

खाली, आणखी खाली. जिने, उतरते बोळ, पुन्हा जिने. दरीतल्या थडग्यांमध्ये दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत सगळ्या भिंती रंगवलेलं हे पहिलं. सेती हा एकोणिसाव्या घराण्यातला, इसवी सनापूर्वी सुमारे १२९० ते १२७९ या काळातला राजा. दुसरा रामसेस, ज्याचे पुतळे इजिप्तभर उभे आहेत, तो याचा मुलगा. मुलाने बापापेक्षा कितीतरी जास्त दगड खर्ची घातला; पण कोरणावळीचा हात बघायचा तर बापाच्याच काळातला. बारीक, न घाबरलेला, घाई नसलेला.

सगळ्यात जास्त वेळ मी उभी राहिले ती एका अर्धवट खोलीत. तिथे कोरायचं काम सुरूच झालेलं नाही. भिंतीवर नुसती रेखाटनं आहेत: आधी तांबड्या रेषेत आकृती, आणि तिच्यावर कुठे कुठे काळ्या रेषेने केलेली दुरुस्ती. एखादा खांदा जरा खाली घेतलाय, कुठे पाय पुढे ओढलाय. म्हणजे शिकाऊ हाताने गेरूने काढलं, आणि मग मास्तर आले, एक पाऊल मागे सरकले, काळ्या रंगात कुंचला बुडवला आणि न बोलता चूक सुधारली. तीस वर्षं मी दुसरं काय केलं? तिथे मला पहिल्यांदा वाटलं, की ही माणसं माझ्या ओळखीची आहेत.

ही थडगी खोदणाऱ्या-कोरणाऱ्या कारागिरांचं गाव टेकडीपलीकडे होतं, देर अल-मदिना. तिथे सापडलेल्या खापऱ्यांवर आणि दगडाच्या कपच्यांवर त्यांचे हिशेब आहेत. कोण कामावर आलं, कोण नाही, आणि आज दिव्यांसाठी किती वाती दिल्या. खडकाच्या पोटात दिवस आणि रात्र सारखेच, तेव्हा कामाचं माप वातींचं. त्या दिव्यांच्या उजेडात आधी भिंत तासायची, जिथे खडक फुटका असेल तिथे गिलावा भरायचा, रंगात बुडवलेली दोरी ताणून सरळ रेषा मारायच्या, तांबडं रेखाटन, काळी दुरुस्ती, मग छिन्नीने आकृतीभोवतीचा दगड उतरवायचा म्हणजे आकृती किंचित वर उठून येते. शेवटी पातळ पांढरा हात देऊन रंग. चुनखडीचा दगड यासाठी चांगला. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडावर टाकीचे घाव घालणाऱ्याला तो लोण्यासारखा वाटेल. अगदी नखाएवढ्या उठावातही गालाची गोलाई येते.

परत वर येताना एका दाराशी रखवालदाराने हात केला. दाराच्या दोन्ही बाजूंना, जिथे चित्र असायला हवं तिथे, उघडा खडक. त्याने विजेरीचा झोत एका बाजूला टाकला. "फरान्सा." मग दुसऱ्या बाजूला. "इतालिया." एवढंच बोलून त्याने विजेरी बंद केली आणि बक्षिशीसाठी हात पुढे केला. मी दिली. त्या दोन शब्दांची किंमत पुढे मला बरीच जास्त पडली.

बुधवारी लूव्र उघडं होतं. आत शिरल्यावर माणसांचा लोंढा मोनालिसाच्या दिशेने वळतो. आपण उलट्या दिशेने निघालं, की पन्नास पावलांत हवा मोकळी होते. तानिसचा मोठा स्फिंक्स, मग दगडी शवपेट्या, जिने. भाची नकाशा धरून पुढे. "मावशी, थांबू नकोस, नाहीतर इथेच संध्याकाळ होईल." खरं होतं. एका दालनात तर अख्खी कबर-खोली दगडादगडाने उभी केली आहे, चार हजार वर्षांपूर्वीच्या एका अधिकाऱ्याची. तिच्या भिंतींवर गाई नदी पार करताहेत, माणसं पक्षी पकडताहेत. तिथे मी थांबलेच, दहा मिनिटं. भाचीने घड्याळ बघितलं.

आणि मग ती भिंत.

सुमारे सव्वादोन मीटर उंच, मीटरभर रुंद. म्हणजे आपल्या घरातल्या दाराएवढी. सेती राजा आणि हाथोर देवी समोरासमोर उभे आहेत. तिने एका हाताने त्याचा हात धरलाय. दुसऱ्या हाताने ती आपल्या गळ्यातल्या हाराचं टोक त्याच्यापुढे करतेय. बाकी काही नाही. ना लढाई, ना नैवेद्याचे ढीग, ना सेवक. दोन माणसं, म्हणजे एक माणूस आणि एक देवी, आणि त्यांच्या हातांमधली ती जागा.

हाराला मेनात म्हणतात. मण्यांच्या पुष्कळ सरी एकत्र, आणि मागे पाठीवर लोंबणारं एक वजन, म्हणजे पुढचा भार तोलला जावा. ही नुसती दागिन्याची गोष्ट नव्हती. हाथोरच्या पूजेत बायका हा हार हातात धरून हलवायच्या, मण्यांचा खुळखुळ आवाज व्हायचा आणि त्या आवाजाने देवी प्रसन्न व्हायची. तेव्हा देवी राजापुढे हार करते याचा अर्थ ती आपला आवाजच त्याच्या हाती देतेय. हाथोर ही संगीताची, प्रेमाची, मद्याची देवता. पण थेब्झच्या, म्हणजे जुन्या लक्सरच्या, पश्चिमेच्या डोंगराचीही तीच मालकीण. सूर्य रोज संध्याकाळी त्या डोंगरात जातो आणि मेलेला राजाही. दाराशी उभी राहून ती त्याला आत घेतेय. आपल्याकडे सुनेला उंबऱ्यावर ओवाळून आत घेतात, तेव्हा सासूच्या चेहऱ्यावर जे असतं, कौतुक आणि थोडा अधिकार, तसंच काहीसं या देवीच्या चेहऱ्यावर आहे. निदान मला तरी दिसलं. भाचीला दिसलं नाही. "मावशी, तिचा चेहरा अगदी कोरा आहे," ती म्हणाली.

मी जवळ गेले. काचेला नाक लागेल इतकी नाही, पण दालनातल्या बाईंनी मान वर करून बघितलं इतकी.

राजाच्या अंगावर तलम तागाचं वस्त्र आहे, इतकं पातळ की आतला देह दिसावा. आणि त्याला चुण्या आहेत. शेकडो. बारीक, एकसारख्या, कोपरापाशी पंख्यासारख्या पसरलेल्या. माझी आजी आजोबांचं उपरणं धुतल्यावर ओलं असतानाच बोटांच्या चिमटीत धरून त्याला चुण्या घालत बसायची, मग पीळ देऊन ठेवायची. वाळल्यावर उलगडलं की पाण्यावर वारा सुटावा तशा रेघा. त्या रेघा दगडात कोरायच्या म्हणजे काय, हे छिन्नी हातात धरलेल्यालाच कळेल. एक रेघ जरा खोल गेली, तर कापड तिथेच फाटलं. इथे एकही फाटलेली नाही.

देवीचं वस्त्र वेगळं. त्यावर मण्यांच्या जाळीसारखी नक्षी, आणि जवळून पाहिलं तर नक्षीत अक्षरं. राजाचं नाव आणि त्याच्या राज्याला दीर्घायुष्याच्या शुभेच्छा. म्हणजे ती आशीर्वाद नेसूनच आली आहे. डोक्यावर गाईची शिंगं आणि त्यांच्यामध्ये सूर्याचं तांबडं बिंब.

रंगांबद्दल थोडं बोलू द्या, ही माझी जुनी खोड आहे. राजाची कांती तांबूस-तपकिरी, ती गेरूची. पिवळा पिवडीचा, काळा काजळीचा. हे सगळे मातीतून आणि चुलीतून येणारे रंग, आपल्याकडच्या भिंतींवरही तेच. पण निळा तसा नाही. निळा दगड मिळतो दूर अफगाणिस्तानात, आणि तो महाग. तेव्हा इजिप्तच्या लोकांनी वाळू, चुना, तांब्याचं खनिज आणि खार एकत्र करून नऊशे अंशांच्या आसपास भाजलं आणि निळा रंग स्वतःच तयार केला. माणसाने बनवलेल्या रंगांत हा अगदी पहिल्यांपैकी. शाळेत मी पोरांना सांगायचे, की तुमच्या रंगपेटीतल्या निळ्या वडीचा पणजोबा नाईलच्या काठी भट्टीत जन्मला. या भिंतीवर तो अजून आहे. सव्वातीन हजार वर्षांचा निळा. पुसट झालाय, कुठे कुठे उडालाय, पण निळाच आहे.

आणि हीच माझी पंचाईत. लक्सरहून येताना मी मनात एक चीड घेऊन आले होते, ती जपून ठेवली होती, पॅरिसला वापरायची म्हणून. आणि इथे उभी राहिले तर डोळे सुखावले. त्या बाईंसमोर, त्या काचेसमोर, मला चिडता येईना.

तर हे सगळं झालं कसं, ते सांगायला हवं, कारण त्यात कुणीच सरळ खलनायक नाही.

थडगं शोधलं जोव्हान्नी बेल्झोनीने, १६ ऑक्टोबर १८१७ रोजी. हा इटलीतल्या पाडुआचा, साडेसहा फुटांहून उंच. लंडनच्या रंगमंचावर ताकदीचे खेळ करून पोट भरणारा गडी. खांद्यांवर डझनभर माणसं घेऊन चालायचा. इजिप्तला गेला तो पाणी उपसायचं यंत्र तिथल्या पाशाला विकायला. यंत्र विकलं गेलं नाही. मग ब्रिटिश वकिलासाठी पुराणवस्तू हलवायच्या कामाला लागला. अवजड वस्तू उचलायला तो जन्मलाच होता. पण या थडग्यात त्याने नाजूक काम आरंभलं आणि तिथे घात झाला. भिंतींवरच्या सगळ्या उठावांचे साचे घ्यायचे त्याने ठरवलं. मेण, राळ आणि धूळ यांचं मिश्रण तापवून भिंतीवर दाबलं, काढलं, पुन्हा दाबलं. प्रत्येक साच्याबरोबर रंगाचा एक पापुद्रा निघून आला. १८२१ साली लंडनच्या पिकॅडिलीत त्याने या थडग्याच्या खोल्या हुबेहूब उभ्या करून दाखवल्या, लोकांनी तिकिटं काढून गर्दी केली. नक्कल जितकी चांगली होत गेली तितकं मूळ फिकं होत गेलं. अजिंठ्याला नकला करणाऱ्यांनी चित्रं उठून दिसावीत म्हणून भिंतींवर रोगण चढवलं होतं, ते नंतर पिवळं पडलं. अजिंठ्याच्या लेण्यात उभं राहून हे ऐकलेल्या माणसाला बेल्झोनीचं मेण समजावून सांगावं लागत नाही.

शिवाय वाटेत एक खोल खड्डा होता, तो त्याने येण्याजाण्याच्या सोयीसाठी बुजवला. खड्डा चोरांना अडवायला होता असं म्हणतात. तो पुराचं पाणी अडवायलाही होता. दरीत पाऊस क्वचितच पडतो, पण पडतो तेव्हा डोंगरावरून लोट येतात. पाणी आत खोलवर गेलं, खडक फुगला, तडे गेले.

शांपोलियाँ आला तो अकरा वर्षांनी, त्या अवस्थेत. १८२८-२९ची ती मोहीम फ्रान्स आणि तस्कनी या दोन दरबारांची मिळून होती. फ्रेंच बाजूने शांपोलियाँ, तस्कनीच्या बाजूने पिसाचा इप्पोलितो रोसेलिनी, त्याचा शिष्य आणि मित्र. राजांच्या दरीत काम करताना ही मंडळी चौथ्या रामसेसच्या थडग्यात बिऱ्हाड थाटून राहिली. उन्हाळ्यात तेवढीच थंड जागा. एका राजाच्या कबरीत झोपायचं आणि दुसऱ्याच्या कबरीत कामाला जायचं.

इथे नावाची एक गंमत आहे. बेल्झोनीच्या वेळी लिपी वाचता येत नव्हती, म्हणून थडगं भलत्याच राजाच्या नावावर जमा झालं होतं. शांपोलियाँला वाचता येत होतं, तरी तोही चकला. त्याने राजाचं नाव 'उसिरेई' वाचलं. चूक त्याची नव्हती. सेती म्हणजे सेथ देवाचा. पण सेथ हा ओसिरिसचा खुनी भाऊ, आणि थडगं तर ओसिरिसच्या, म्हणजे मेलेल्यांच्या देवाच्या, राज्यात जाणारी वाट. खुन्याचं नाव घेऊन त्या दारात कसं उभं राहायचं? म्हणून इथे कोरणाऱ्यांनी राजाच्या नावातलं सेथचं चिन्ह काढून ओसिरिसशी नातं सांगणारं चिन्ह घातलं. राजाने मेल्यावर नाव बदललं, आणि तीन हजार वर्षांनी लिपी उलगडणारा पहिला माणूस त्या सोज्वळ नावाला फसला.

ओसिरिसच्या कथेत सेथ त्याच्या देहाचे तुकडे करून देशभर विखुरतो. सेतीची आजची गत बघितली तर त्याचं नाव बदलणं वायाच गेलं म्हणायचं. पुरोहितांनी लपवून ठेवलेल्या राजांच्या ढिगात त्याचा देह १८८१ साली सापडला, तो आता कैरोत आहे. अलाबास्टरची शवपेटी ब्रिटिश म्युझियमने महाग म्हणून नाकारली, ती वास्तुविशारद जॉन सोनने १८२४ला २००० पौंडांत घेतली. त्याने तिच्यासाठी तीन रात्री दिव्यांच्या उजेडात मेजवान्या दिल्या. ती अजून लंडनला त्याच्या घरातच आहे. भिंती पॅरिसला, फ्लॉरेन्सला, बर्लिनला.

भिंत कापायची ठरली तेव्हा जोसेफ बोनोमी नावाच्या इंग्रज शिल्पकाराने शांपोलियाँला विरोधाचं पत्र लिहिलं. शांपोलियाँचं उत्तर ताठ होतं: विनाश समोर दिसतोय, त्यातून वाचवायचा हाच मार्ग आहे, मी नेतोय ते जपायला, विकायला नाही. मला हे उत्तर पटतं आणि पटत नाही. पटतं, कारण जे भिंतीवर राहिलं ते आज या तुकड्यापेक्षा फिकं आहे, मी दोन्ही पाहिलंय. पटत नाही, कारण एका दाराची दोन्ही अंगं करवतीने काढल्यावर उरलेल्या दाराचं काय होतं, तेही पाहिलंय. आणि गंमत अशी, की देश सोडण्याआधी याच माणसाने पाशा मुहम्मद अलीला एक निवेदन दिलं: तुमच्या देशातली प्राचीन बांधकामं राजरोस मोडली जाताहेत, ती थांबवा. पाशाने पुराणवस्तू बाहेर न्यायला बंदी घालणारा हुकूम काढला तो १८३५ला. तोवर निवेदन देणारा पेर लाशेजला पोचला होता आणि भिंत लूव्रला.

"म्हणजे तू त्याच्या बाजूने की विरुद्ध?" भाचीने विचारलं.

"चित्र चांगलं आहे," मी म्हटलं.

"मी ते विचारलं नाही."

बाहेर पडून आम्ही तुइलरीच्या बागेतून कॉन्कॉर्डच्या चौकापर्यंत चालत गेलो. तिथे मधोमध लक्सरचा ओबेलिस्क आहे, तेवीस मीटरचा, १८३६ला उभारलेला. तो दुसऱ्या रामसेसचा. बाप संग्रहालयात, मुलगा चौकात, मध्ये एक बाग. मोटारी त्याला गरगर प्रदक्षिणा घालत होत्या.

फ्लॉरेन्सला मी एकटीच गेले. गावाबद्दल लिहीत नाही, त्याबद्दल पुरेसं लिहिलं गेलंय. पुरातत्त्व संग्रहालय सान्तिसिमा आनुन्झियाताच्या चौकात आहे. उफ्फीझीच्या चित्रसंग्रहालयापुढे रांगा लागतात, इथे तिकीट देणाऱ्या बाईंना कुणीतरी आल्याचा आनंद झाला. इजिप्तचा विभाग इथलाच एक भाग. त्यात त्या मोहिमेचं भलंमोठं तैलचित्र आहे, मोहिमेबरोबर गेलेल्या जुझेप्पे आंजेलेल्लीने काढलेलं. थेब्झच्या अवशेषांत सगळी मंडळी स्थानिक पोशाखात, दाढ्या वाढवून, अगदी ऐटीत. बसलेला शांपोलियाँ, उभा रोसेलिनी. त्यांच्या चेहऱ्यांवर थकवा नाही, उकाडा नाही, भिंत कापल्याची धूळ नाही. समूहचित्रासाठी सगळे अंघोळ करून आले असावेत.

पलीकडच्या दालनात ती दुसरी भिंत. तोच राजा, तीच देवी, तोच हार पुढे केलेला.

आणि मला लक्सरचं ते दार आठवलं. त्याची रुंदी. दोन्ही हात पसरले तर दोन्ही बाजूंना टेकतील की काय, इतकीच. म्हणजे ही दोन चित्रं भिंतीवर टांगायला काढलेलीच नव्हती. ती दाराची दोन अंगं होती. राजाचा देह मधून आत नेला जाताना डाव्या हाताला हाथोर त्याचा हात धरत होती आणि उजव्या हातालाही. नंतर दार बंद झालं, दिवे गेले, आणि तीन हजार वर्षं ही चारही जणं काळोखात हातभर अंतरावरून एकमेकांकडे तोंड करून उभी राहिली. बघायला कुणी येईल अशी अपेक्षाच नव्हती. पॅरिसमध्ये मी भिंतीसमोर उभी होते, तेव्हा खरं तर दाराच्या मधोमध उभी होते आणि माझ्या पाठीशी दुसरी भिंत असायला हवी होती. तिथे पाठीशी काचेची कपाटं होती.

अशी जुळणी अलीकडे एकदा झाली आहे. फॅक्टम नावाच्या संस्थेने थडगं आणि जगभर गेलेले तुकडे बारकाईने स्कॅन केले, बेल्झोनीच्या वेळी काढलेली जलरंगातली चित्रंही हाताशी होती, आणि २०१७-१८ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या संग्रहालयात काही खोल्या पुन्हा उभ्या केल्या. आपल्या पिकॅडिलीवाल्या बेल्झोनीसारखंच, फक्त भिंतीला हात न लावता. मी ते पाहिलेलं नाही.

माझ्याकडे फक्त फोन होता. भाचीला आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. ठरल्या वेळी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"मावशी, मी पोचले. भिंतीसमोर आहे. इथे एक शाळेची सहल आलीये, त्यामुळे आवाज आहे."

"फोन तिच्याकडे वळव. आणि स्वतः मध्ये येऊ नकोस."

मी माझा फोन उलटा करून इकडच्या भिंतीपुढे धरला, पडदा तिच्याकडे. पडद्यावर पॅरिसची हाथोर, पुढ्यात फ्लॉरेन्सची. हात लांब करून, पाय किंचित फाकवून मी उभी होते. दालनात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. पडदा मलाच दिसत नव्हता, तेव्हा मान वाकडी करून बघावं लागत होतं. सातवीच्या पोरांनी मला बघायला हवं होतं: चेहरा बाजूने, खांदे समोरून.

"झालं का? दिसतायत का एकमेकांना?" भाचीचा आवाज आला.

"थांब, हलू नकोस."

पडद्यावरचं चित्र एकदा अडकलं, राजाचा हात चौकोनांत फुटला, पुन्हा जुळला. मग खालून एका मुलाचं डोकं आलं, लाल टोपी घातलेलं, आणि त्याने वळून थेट माझ्याकडे, म्हणजे हाथोरकडे, बघितलं. भाचीने त्याला फ्रेंचमध्ये काहीतरी सांगितलं. तो हलला नाही. ती पुन्हा बोलली, आणि तिच्या बोलण्यात 'फ्लॉरेन्स' हा शब्द आला. मग तो आणखी जवळ आला.

"मावशी, हा विचारतोय, तिकडचा निळा इथल्यापेक्षा जास्त गडद का आहे?"

मी मान वाकडी करून बघितलं. पडद्यावरचा निळा, पलीकडे भिंतीवरचा निळा. पडद्यावरचा तर मला हिरवट दिसत होता.

"त्याला सांग, फोनचा दोष आहे."

पलीकडे बराच वेळ फ्रेंचमध्ये बोलणं चाललं.

"तो म्हणतोय, तुमच्या फोनचा की आमच्या?"